लग्नगडी : गोदावरीबाई परुळेकरांच्या पुस्तकाविषयी

दिवाळीची सुटी लागण्याआधीचे आठ-दहा दिवस आमच्या शाळेत भिंती रंगविण्याचे असतात. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. दोन-तीन कादंबऱ्या नावावर असल्यामुळे गावात मला 'लेखक' म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती हे मी कधी मोजून पाहिलेले नाही. गेल्या वर्षी मुलांनी वारली चित्र काढावयाचे ठरविले. भिंतीला गेरू लागला, पांढरा रंग कालवला गेला, आणि सातवी-आठवीची मुले त्रिकोणाला त्रिकोण जोडून भराभर माणसे उभी करू लागली. मालवणची मुले ती! त्यांच्या चित्रात तारप्याभोवतीच्या फेराशेजारी रापण ओढणारी माणसे आली, होडी आली, आणि एका पठ्ठ्याने तर वाघाच्या जागी मोरी मासा काढला. मधोमध मी स्वतः लग्नचौक काढून दिला. घोड्यावर नवरा-नवरी, भोवती नक्षीची चौकट.

तो चौक पाहून आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हेंच्या लग्नाक पैशे कोणी दिल्यान?"

तिच्या घरी नुकतेच थोरल्या बहिणीचे लग्न झाले होते व त्यासाठी बापाने कर्ज काढले होते, हे मला ठाऊक होते. इतर मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर मी एका पुस्तकात वाचलेले होते. ते उत्तर आठवीच्या वर्गात कसे सांगावे हे न सुचल्यामुळे मी 'पुढे सांगेन' असे म्हणून वेळ मारून नेली. वर्ष झाले. म्हणून ते येथे सांगतो. दिवाळीच्या पोह्यांबरोबर सावकाराच्या वाड्याची हकीकत वाढल्याबद्दल वाचकांनी, आणि विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांनी, क्षमा करावी.

पुस्तकाचे नाव 'जेव्हा माणूस जागा होतो', लेखिका गोदावरी परुळेकर. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात व त्याला लागून असलेल्या उंबरगावच्या मुलखात, वारली लोकांनी १९४५ पासून पुढे जो लढा दिला त्याची ही हकीकत आहे. ती सांगणारी बाई त्या लढ्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. कम्युनिस्ट पक्षाची, किसान सभेची. हे एवढे ऐकले की आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित वाचक पुस्तक मिटून ठेवतात. आणि काहीजण याच कारणासाठी ते न उघडता डोक्यावर घेतात. दोघांनीही ते वाचलेले नसते.

आता लग्नाच्या पैशांचे. वारली माणसाला लग्न करावयाचे तर दारू, भात, लुगडे, पाहुणे एवढे तरी लागणारच. जवळ दमडी नाही. मग तो जमीनदाराकडे किंवा सावकाराकडे जाई. रक्कम थोडी असे, फार झाले तर शे-दोनशे रुपये. तेवढ्यासाठी तो त्याचा 'लग्नगडी' होई. पोटाला काहीतरी घालावे आणि मालक सांगेल ते काम त्याने करावे, हा करार. कर्ज फिटावयाचे कसे? मजुरीच नाही तर कशातून फिटणार? गडी मरेपर्यंत गडीच राही, आणि पुष्कळदा त्याच्या मागे मुलगा तेच जू मानेवर घेई. आणि जिच्याशी लग्न लागले तिचे काय? कराराच्या कागदावर तिचे नाव नसे, पण गड्याबरोबर तीही वाड्यावर राबावयास जाई, आणि मालक किंवा मालकाचा माणूस तिच्याकडे आपल्या मालकीची वस्तू म्हणून पाही. नवऱ्याला ते ठाऊक असे, आणि बोलण्याची सोय नसे. ज्या लग्नासाठी त्याने आयुष्य गहाण टाकले त्या लग्नातील बायको अशी त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची होई.

वारल्यांच्या लग्नचौकाविषयी आम्ही चित्रकलेच्या पुस्तकात वाचतो ते निराळे असते. तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, सवाष्णी बायका तो झोपडीच्या आतल्या भिंतीवर काढतात; मध्ये पालघट देवी; तो पुरा झाल्यावाचून लग्न लागत नाही. हे सारे खरे आहे, आणि सुंदर आहे. जिव्या सोमा मशे यांनी ही कला झोपडीबाहेर कागदावर आणली व १९७० नंतरच्या वर्षांत ती शहरांत, मग परदेशांत पोहोचली. (बायकांची कला पैसा मिळवू लागली तेव्हा ती पुष्कळशी पुरुषांच्या हाती गेली, हे जाता जाता म्हणून ठेवतो.) म्हणजे चित्रे आणि हे पुस्तक जवळपास एकाच काळात आपल्या पुढे आली. चित्रे आपण दिवाणखान्यात लावली; साडीच्या पदरावर आणि चहाच्या कपावरही घेतली. चौकातल्या नवरा-नवरीचे लग्नानंतर काय होत असे ते ज्या पुस्तकात आहे, ते मात्र कपाटात राहिले.

गोदावरीबाई या घराण्याने पुण्याच्या गोखले, नामदार गोखल्यांच्या गोतातल्या. जन्म १९०७ चा. वडील नाणावलेले वकील. मुलगी फर्ग्युसन कॉलेजात शिकली, कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातली ती कायद्याची पहिली स्त्री-पदवीधर असे मानतात. पुढे १९३२ साली सत्याग्रहात तुरुंगात गेली, आणि ते नेमस्त वडिलांना रुचले नाही. घर सुटले ते सुटलेच. मुंबईस येऊन त्या भारत सेवक समाजात शिरल्या. समाजाने आजीव सभासद करून घेतलेल्या त्या पहिल्याच स्त्री. साक्षरतेचे काम केले, आणि मुंबईतील घरगड्यांची संघटना बांधली.

या शेवटच्या गोष्टीवर मला थोडे थांबावेसे वाटते, कारण चरित्रकार तिच्यावरून एका ओळीत पुढे जातात. त्या काळी मुंबईतला घरगडी म्हणजे कोण? पुष्कळ वेळा आमच्याच जिल्ह्यातला. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडून बोटीने जाऊन भायखळ्याला किंवा गिरगावात कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपणारा. घरच्यांनी त्याचे नाव काहीही ठेवले असो, मालकीण त्याला 'रामा' म्हणे. या रामाला पगार किती, सुटी कधी, काढून टाकला तर जाणार कोठे, हे प्रश्न कोणी विचारीत नसे. कायदा शिकलेली एक पुण्याची बाई ते विचारू लागली. 'गडी' हा शब्द तिच्या आयुष्यात वारल्यांच्या पुष्कळ आधी येऊन गेला होता.

समाजातच त्यांची शामराव परुळेकरांशी गाठ पडली. आडनाव उघडच आमच्या परुळ्याचे. आणि शामरावांचा आमच्याशी संबंध नुसता आडनावाचा नव्हता. १९३७ च्या निवडणुकीत डॉक्टर आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबईच्या विधिमंडळात रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून गेले होते, आणि त्या वेळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होते. खोतीविरुद्ध आंबेडकरांनी विधेयक मांडले ते त्याच वर्षी. आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईस विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले त्यात शामराव पुढे होते. १९३९ साली दोघांचे लग्न झाले, दोघांनी समाज सोडला व कम्युनिस्ट पक्ष धरला. मग युद्धविरोधी चळवळीत तुरुंग. सुटून आल्यावर किसान सभा, आणि जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याची शेतकरी परिषद. तेथे माह्या धांगडा नावाचा वारली उठून उभा राहिला व आपल्या लोकांचे हाल बोलला. गोदावरीबाईंना वारल्यांकडे नेले ते या एका माणसाच्या उठून बोलण्याने.

चरित्र येथे पुरे. पुस्तकाचा विचार करावयाचा तो पुस्तक म्हणून.

मला या पुस्तकात जे विशेष वाटते ते असे, की लेखिकेला कीव येत नाही. आपल्या मराठी वाङ्मयात दरिद्री माणसाचे चित्र काढावयाचे म्हणजे आधी लेखकाच्या डोळ्यांत पाणी यावे लागते. ते पाणी वाचकाच्या डोळ्यांत उतरले की दोघांचेही कर्तव्य संपते. गोदावरीबाई रडत नाहीत. त्या चौकशी करतात. मजुरी किती मिळते? कोण देतो? दिली नाही तर काय करता? वेठीला किती दिवस जाता? मारले तर कशाने मारतात? वकिलाची मुलगी साक्षीदाराकडून एकेक गोष्ट काढून घेते तसे हे आहे. आणि प्रश्न विचारता विचारता पुढच्या माणसाला प्रथमच कळते की आपल्या हालांना आकडे आहेत, नावे आहेत, म्हणजे त्यांना शेवटही असू शकतो. पुस्तकाच्या नावातली जाग मला सभेतल्या घोषणांपेक्षा या प्रश्नोत्तरांत अधिक दिसते.

मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. हजारो लोक आले. ठरले ते थोडक्यात असे : वेठ करावयाची नाही, रोज बारा आणे मजुरीवाचून कोणाच्या शेतावर जावयाचे नाही, आणि लग्नगडी म्हणून राहावयाचे नाही. या तिसऱ्या ठरावाकडे पाहा. त्यात 'स्त्री' हा शब्द नाही. कोणत्याही महिला परिषदेच्या कामकाजात तो नोंदला जाणार नाही. तरी त्या मुलखातल्या बायकांच्या बाजूने त्याहून मोठा ठराव दुसरा झाला असेल असे मला वाटत नाही. गडी वाड्यावरून उठला की त्याची बायकोही उठली. काही आठवड्यांतच शेकडो गडी उठून आपापल्या झोपडीत परतले. त्यांना कोणत्या कोर्टाने सोडविले नाही. बाईंनी एवढेच सांगितले होते, की कर्ज केव्हाच फिटले आहे, आता जावयाचे नाही. आणि ते गेले नाहीत.

स्त्रियांच्या हक्कांविषयी गोदावरीबाईंचे मत म्हणून जे काही आहे ते हेच, आणि त्यांनी ते वेगळे काढून कोठे मांडून दाखविलेले नाही. बाईचा प्रश्न जमिनीच्या व मजुरीच्या प्रश्नाशी एकाच गाठीत बांधलेला आहे, तेव्हा गाठ सोडा म्हणजे दोन्ही सुटतील. हे कम्युनिस्टांचे नेहमीचे म्हणणे आहे, आणि नेहमीचे म्हणून ते तपासून घेतले पाहिजे.

मागे इराणमधल्या मरियम फिरूझ या बाईविषयी वाचण्यात आले. तीही अशीच थोरामोठ्यांच्या घरची. फर्मानफर्मा या काजार राजकुलातील सरदाराची मुलगी, जन्म १९१३. तीही कम्युनिस्ट झाली, तेथल्या तुदेह पक्षात तिने स्त्रियांची संघटना उभारली, आणि तिचा नवराही पक्षाचा पुढारी. पुढे पुष्कळ वर्षे परदेशात परागंदा. १९७९ मध्ये शहा गेला, खोमेनींचे राज्य आले, आणि ही मंडळी परतली. त्याच वर्षी ८ मार्चला तेहरानच्या बायका सक्तीच्या डोक्यावरील वस्त्राविरुद्ध रस्त्यावर आल्या, तेव्हा डाव्यांतल्याच पुष्कळांनी त्यांना सांगितले की आधी क्रांती सांभाळा, तुमचे मागाहून पाहू. तुदेह पक्ष तर नव्या राज्याच्या पाठीशी होता. १९८३ मध्ये त्याच राज्याने मरियमला व तिच्या नवऱ्याला तुरुंगात घातले. २००८ साली ती वारली तेव्हाही त्या देशातली सक्ती तशीच होती. २०२२ मध्ये महसा अमिनी ही तरुणी कोठडीत मेली आणि पुन्हा बायका रस्त्यावर आल्या, हे वर्तमानपत्रांतून आपण सर्वांनीच वाचले.

ही दोन आयुष्ये शेजारी ठेवली की गोदावरीबाईंचे मत कोठे खरे ठरले आणि का, ते कळते. डहाणू-उंबरगावात बाईची गुलामी आणि पुरुषाचे कर्ज यांची गाठ खरोखरच एक होती. तेहरानात ती एक नव्हती. तेथे राजा गेला, मालक बदलले, आणि बाईच्या डोक्यावर नवे फर्मान आले. तेव्हा झरीच्या ठरावावरून सर्व जगासाठी नियम काढणे बरे नव्हे. बाईंनी स्वतः तो काढावयास नको होता, असे मला नम्रपणे वाटते. पुस्तकातही जेथे त्या वारल्यांना बाजूला सारून पक्षाची भाषा बोलू लागतात तेथे वाचकाचा पाय अडखळतो. तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, आणि आताच ज्याचा आवाज ऐकला तो माणूस 'जनता' होऊन दिसेनासा होतो.

दुसरी उणीव मोठी आहे. जमीनदाराच्या वाड्यात बाईवर काय गुदरते ते लेखिका पाहते. झोपडीत, नवऱ्याच्या हातून, भगताच्या तोंडून, काय गुदरते त्याकडे तिची नजर तितकी ठरत नाही. कदाचित लढाईच्या धांदलीत आपल्या बाजूच्या माणसाचे उणे काढू नये असे वाटले असेल. कादंबरीकाराला असे सुटता येत नाही. त्याला झोपडीतही जावे लागते.

पण तळवाड्याच्या प्रसंगापाशी मी टीका विसरतो. १० ऑक्टोबर १९४५. वारल्यांत निरोप पसरविला गेला, की बाईंची सभा आहे, बाईंच्या जिवाला धोका आहे, लाठ्या घेऊन या. दुसरीकडे पोलिसांना कळविले गेले की वारली दंगा करावयास जमत आहेत. प्रचंड जमाव आला. गोळीबार झाला. पाच माणसे मेली. जेठ्या गांगड हा त्यांतला पहिला. लोक हटेनात, कारण बाई येणार असे त्यांना सांगितलेले होते, आणि बाईंना टाकून जावयाचे कसे? बाई तर तेथे नव्हत्याच. कोणी तरी त्यांच्या नावाचे आमिष लावून हा गळ टाकला होता.

हे प्रकरण लिहिणाऱ्याच्या जागी क्षणभर आपण बसून पाहा. आपल्या नावाखातर पाच माणसे मेली, आपण तेथे नव्हतो, आणि पंचवीस वर्षांनी आपण ते कागदावर उतरवीत आहो. माझ्यासारख्याने दहा पाने स्वतःच्या यातनांवर खर्च केली असती. गोदावरीबाई निरोप कसा पसरला, जमाव कोठे होता, गोळी कशी सुटली, हे सांगतात. स्वतःच्या मनाचे फार थोडे. पुढे १९४६ मध्ये गवत कापणीचा संप झाला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये हा दर मागितला गेला आणि मिळालाही. त्या हकीकतीतही त्यांच्यापुढे दर असतो, जय नसतो. १९६५ साली शामराव तुरुंगातच वारले. पुस्तक त्यानंतर पाच वर्षांनी आले, पण गोष्टीच्या ओघात तो शोक शिरत नाही. तुरुंगातल्या वर्षांवर त्यांनी 'बंदिवासाची आठ वर्षे' हे वेगळे पुस्तक लिहिले. या पुस्तकात मात्र जागा वारल्यांची आहे आणि ती त्यांनी कोणालाच, स्वतःलाही, दिली नाही. वाचक म्हणून मला याची चुटपुट लागते. घर सोडलेली, मूलबाळ नसलेली ही बाई रानातल्या झोपडीत रात्री जागी पडल्यावर काय विचार करीत होती, ते मला हवे होते.

आता माझे स्वतःचे. ते सांगितल्यावाचून ही समीक्षा पुरी होत नाही.

आमच्या घरी आजोबांच्या वेळी नवरा-बायकोचे एक जोडपे होते. नवरा माड चढे, नांगर धरी. बायको भात झोडी, भांडी घाशी, आणि दिवाळीच्या आधी रात्र-रात्र उखळात पोहे कांडी. नरकचतुर्दशीला आम्ही जे गोडे, तिखट, दुधातले, ताकातले असे पोह्यांचे पाच-पाच प्रकार मांडून बसतो ना, त्या पोह्यांची गोष्ट करतो आहे. आजोबांच्या जुन्या वहीत मला एक नोंद सापडली होती : गड्यास लग्नास दिले रुपये साठ. पुढे परतफेडीची नोंद कोठेही नाही. गड्याचे नाव आहे. तिचे नाही. आजीही तिला 'गड्याची बायल' एवढेच म्हणे. आमचे गाव डहाणू नव्हे, आणि आमच्या आजोबांनी कोणाला झाडाला बांधून मारले नाही. ते मास्तरांशी संस्कृत बोलणारे गृहस्थ होते. पण ते साठ रुपये फिटत नव्हते, हे वहीच सांगते.

या बाईवर मी कादंबरी लिहिली. तिला एक छानसे नाव दिले, तिला सोसावयास लावले, आणि शेवटी विहिरीत उडी घेतलेली दाखविली. ते प्रकरण वाचून मुंबईच्या एका वाचक भगिनीने मला तीन पानी पत्र पाठविले होते, आणि ते मी पुष्कळ दिवस खिशात घेऊन हिंडलो. गोदावरीबाईंचे पुस्तक माझ्या हाती त्यानंतर आले. लग्नगडी वाड्यावरून उठतात ते पान वाचताना मला आजीचे एक बोलणे आठवले, जे मी कादंबरी लिहिताना सोयीस्करपणे विसरलो होतो.

आजी म्हणाली होती, "कुळकायदो इलो नि माणसांची नजर फिरली. ती बायल एक दिवस इलीच नाय. बोलवूक पाठयलंय तर म्हणता कशी, आमच्या घरात काम आसा."

विहीर वगैरे काही नव्हते. १९५७ च्या एप्रिलपासून कसेल त्याची जमीन झाली, त्या जोडप्याचा जमिनीचा तुकडा त्यांच्या नावावर लागला, आणि बाईने एके सकाळी आमच्या घरी येणे बंद केले. तिच्या स्वतःच्या घरात काम होते! आमच्या आजीने त्या वर्षी प्रथमच स्वतः पोहे कांडले, आणि त्याचा राग तिने मरेपर्यंत धरला. एवढी मोठी गोष्ट माझ्याच घरात घडलेली, आणि मी लेखक म्हणून काय केले, तर त्या बाईला मारून टाकले. कारण मेलेली बाई लिहावयास सोपी जाते आणि वाचक रडतात. उठून गेलेल्या बाईचे काय करावे हे मला कळले नाही. गोदावरीबाईंना ते कळले होते. त्या कादंबरीकार नव्हत्या, त्यांची वाक्यरचना माझ्यापेक्षा चांगली आहे असेही मी म्हणणार नाही. पण उठून जाणारे माणूस कसे दिसते ते त्यांनी पाहिले होते.

'माणूस' या शब्दाचेच पाहा. आमच्याकडे 'आज माणसां येवची आसत' असे म्हटले की अर्थ होतो, मजुरीची माणसे येणार आहेत. म्हणजे घरातले आम्ही ते घरचे, आणि माणसे ती बाहेरची, राबणारी. पुस्तकाचे नाव मी प्रथम वाचले तेव्हा मला ते जरा भाषणी वाटले होते. आता आजीच्या तोंडी ते वाक्य ठेवून पाहतो तेव्हा तसे वाटत नाही.

१९९६ साली गोदावरीबाई वारल्या. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत आहे, तिला 'गोदूताई' हे त्यांचे नाव आहे, आणि ती २००६ मध्ये राहावयास खुली झाली. पुतळ्यापेक्षा हे बरे झाले. ज्या बाईने कोणाच्या तरी वाड्यावरून उठण्यास सांगितले तिच्या नावाने दहा हजार बायकांच्या स्वतःच्या चुली आहेत.

त्या आठवीतल्या मुलीला उत्तर द्यावयाचे राहिले होते. यंदा ती नववीत आहे. गणपतीच्या सुटीत मी तिला ही हकीकत वाड्यावरच्या बायकांचा भाग थोडा झाकून सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग ते नाचले कशाक?" याचे उत्तर गोदावरीबाईंच्या पुस्तकात नाही, माझ्याजवळही नाही.

आमच्याकडे पोहे कांडणाऱ्या बाईचे नाव मात्र मिळाले. गावातल्या एका नव्वदीच्या म्हातारीला ते आठवत होते. तिची नातवंडे गावात आहेत, म्हणून येथे छापीत नाही. कादंबरीच्या माझ्या प्रतीत पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. मी दिले होते त्यापेक्षा ते पुष्कळ साधे आहे. गोदावरीबाईंच्या पुस्तकाची माझी प्रत सध्या शाळेतल्या एका बाईंनी नेली आहे, आणि त्यांच्या पाठीमागे दोघीजणी रांगेत आहेत, तेव्हा ती नाताळच्या आत हाती येईल असे दिसत नाही.